पाच स्वरांचे कूळ

इंग्रजी वर्णमालेत २६ अक्षरे. त्यांपैकी ए, ई, आय, ओ, यू हे ५ स्वर आणि राहिलेली २१ व्यंजने. शाळेत घोकलेले हे वाक्य पदवी पदरात पडली तरी आपली पाठ सोडत नाही. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या कोणतेच पुस्तक आले नाही, त्या घरातले मूल तर ते मंत्रासारखे म्हणते. आणि मंत्राला जसे प्रश्न विचारायचे नसतात, तसे या वाक्यालाही विचारत नाही. पाचच का? हीच पाच का? हे कोणी ठरविले, केव्हा ठरविले, आणि त्यात कोणाकोणाचा हात होता? इंग्रजी म्हणजे आपल्यासारख्यांना न पेलणारी गोष्ट, ती वरच्यांच्या जिभेवर जन्मतःच असते, असा न्यूनगंड महाविद्यालयाच्या वर्गांत आजही पदोपदी भेटतो. त्याची मुळे पुष्कळ आहेत. त्या भाषेच्या अक्षरांचा इतिहास आपल्याला कोणी सांगितला नाही, हे त्यांतले एक मूळ आहे असे माझे मत आहे. म्हणून हा इतिहास येथे थोड्या विस्ताराने मांडला आहे.

मराठीत अक्षराच्या ध्वनीलाही ‘वर्ण’ म्हणतात आणि समाजाच्या उतरंडीतल्या पायरीलाही ‘वर्ण’ म्हणतात. शब्दांचा योगायोग म्हणून हे सोडून देता येईल. परंतु स्वर आणि व्यंजन यांच्या जुन्या व्याख्या वाचू लागलो की उतरंडीची भाषा कानांवर पडू लागते. आपल्याकडच्या संस्कृत वैयाकरणांच्या परंपरेत स्वर म्हणजे स्वतःच्या तेजाने विराजणारा, आणि व्यंजन म्हणजे त्याच्यामागून चालणारे, अशी फोड केली जाते. एक राजा, दुसरा सेवक. ग्रीकांनीही हेच केले. त्यांनी अक्षरांचे तीन वर्ग पाडले: आवाज असलेली, अर्धा आवाज असलेली आणि आवाज नसलेली. रोमन वैयाकरणांनी ही विभागणी जशीच्या तशी उचलली आणि पी, टी, के यांसारख्या अक्षरांना लॅटिनमध्ये नाव दिले ‘मूक’. इंग्रजीतला ‘व्हॉवेल’ हा शब्द लॅटिनमधल्या आवाज या अर्थाच्या शब्दापासून आला आहे, आणि ‘कॉन्सोनंट’ म्हणजे दुसऱ्याच्या सोबतीने वाजणारा. ज्याला स्वतःचा आवाज नाही, दुसऱ्याने आधार दिला तरच जो ऐकू येतो, तो व्यंजन. ‘मूकनायक’ या नावाने १९२० साली सुरू झालेल्या पाक्षिकाचा वारसा सांगणाऱ्यांना ही व्याख्या नुसती व्याकरणातली वाटणार नाही.

या व्याख्यांच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. काही वर्ण जन्मतः स्वतंत्र आणि काही जन्मतः आश्रित, हे ते गृहीत. इंग्रजीच्या पाच स्वराक्षरांपुरते बोलायचे तर इतिहास याच्या नेमका उलट आहे. ही पाचही अक्षरे जन्माने व्यंजने आहेत. त्यांतले एकही स्वर म्हणून जन्माला आलेले नाही. हे विधान चमत्कारिक वाटेल. म्हणून त्याचा पुरावा क्रमाने पाहू.

सिनाई द्वीपकल्पात सेराबित अल-खादिम नावाचे एक पठार आहे. प्राचीन काळी तेथे पिरोजा या निळसर-हिरव्या रत्नाच्या खाणी होत्या आणि खाणींलगत हाथोर या इजिप्शियन देवीचे मंदिर होते. १९०५ साली फ्लिंडर्स पेट्री या ब्रिटिश संशोधकाला तेथे दगडांवर कोरलेल्या काही ओबडधोबड खुणा आढळल्या. त्या इजिप्तच्या चित्रलिपीसारख्या दिसत होत्या, पण त्या लिपीच्या नियमांनी वाचता येत नव्हत्या. १९१६ साली ॲलन गार्डिनर याने त्यांतला एक शब्द लावला. घर, डोळा, बैल हाकायची पराणी आणि फुली अशा चार खुणा पुन्हा पुन्हा एकत्र येत होत्या. कनानी लोकांच्या भाषेतली या वस्तूंची नावे घेऊन प्रत्येक नावाचा फक्त पहिला ध्वनी धरला, की ‘बअलत’ असा शब्द बनत होता. बअलत म्हणजे स्वामिनी, देवी. चित्र वस्तूचे, पण उपयोग मात्र तिच्या नावातल्या पहिल्या ध्वनीपुरता, अशी ही युक्ती होती. आज जगात वापरात असलेल्या बहुतेक वर्णमालांचे बीज या युक्तीत आहे.

ही युक्ती कोणाला सुचली असेल? इजिप्तच्या चित्रलिपीत त्या काळी सातशेच्या आसपास चिन्हे होती. ती शिकण्यात वर्षे जात आणि ती विद्या लेखनिकांच्या हाती होती. खाणींवर मात्र कनानमधून आलेले लोक काम करीत. ऑर्ली गोल्डवासर या इस्रायली विदुषीने असे प्रतिपादन केले आहे की, इ.स.पूर्व १८०० च्या आगेमागे ही वर्णमाला याच लोकांनी घडविली, आणि त्यांना इजिप्तची लिपी येत नव्हती म्हणूनच घडविली. ज्याला सातशे चिन्हांची विद्या येते, त्याला तीसांहून कमी चिन्हांत सगळी भाषा बसवण्याची गरजच कशाला भासेल? सर्व विद्वानांना हे मान्य नाही. लेखनिकांचा हात असल्याशिवाय असे काम होणार नाही, असे काहींचे म्हणणे आहे आणि वाद अजून मिटलेला नाही. तरीही एवढे निर्विवाद आहे की, या अक्षरांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांतला मोठा साठा कोणत्याही राजधानीत सापडला नाही. तो खाणींच्या तोंडाशी आणि खाणीवाल्यांच्या देवळात सापडला.

या खुणांमध्ये पुढे स्वर झालेली पाचही अक्षरे आहेत. ए म्हणजे ‘आलेफ’, बैलाचे डोके. आजचा छापील ए उलटा धरून पाहिला की वर दोन शिंगे आणि खाली निमुळते तोंड अजूनही दिसते. ई म्हणजे ‘हे’, दोन्ही हात वर केलेला माणूस. आय म्हणजे ‘योद’, हात. ओ म्हणजे ‘अयिन’, डोळा. ‘बअलत’ या शब्दातली दुसरी खूण हीच. यू म्हणजे ‘वाव’, खुंटी किंवा आकडा. यांपैकी प्रत्येकाचा ध्वनी त्या काळी व्यंजनाचा होता. ‘हे’चा ह, ‘योद’चा य, ‘वाव’चा व. आलेफचा ध्वनी म्हणजे घशात क्षणभर श्वास अडवून दिलेला झटका, आणि अयिनचा म्हणजे अरबीतला ऐन हा खोल कंठातला ध्वनी. पुढे फिनिशियन व्यापाऱ्यांनी ही वर्णमाला २२ अक्षरांत बसवली, तेव्हाही ती सगळी अक्षरे व्यंजनेच होती.

स्वरांवाचून त्यांचे चालत कसे असेल, असा प्रश्न येथे पडेल. त्यांच्या भाषाकुलाची घडणच तशी आहे. आपल्याकडे अरबीतून आलेले किताब आणि मक्तब हे दोन शब्द घ्या. दोहोंत क-त-ब ही तीन व्यंजने आहेत आणि लिहिणे हा मूळ अर्थ त्या तीन व्यंजनांत आहे. मधले स्वर बदलतात तशी शब्दाची रूपे बदलतात. म्हणजे येथे अर्थाचा भार व्यंजने वाहतात. या भाषा बोलणाऱ्यांनी स्वर आणि व्यंजन यांची व्याख्या केली असती, तर राजा कोण आणि सेवक कोण हे त्यांनी वेगळेच सांगितले असते.

इ.स.पूर्व आठव्या शतकाच्या सुमारास ही अक्षरे ग्रीकांकडे आली. आपली अक्षरे फिनिशियनांकडून आली, हे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने मोकळेपणाने नोंदवले आहे. ग्रीक भाषेची घडण वेगळी. तिच्यात शब्दाच्या सुरुवातीला नुसता स्वर येऊ शकतो, दोन स्वर एकापुढे एक येऊ शकतात. नुसत्या व्यंजनांनी ती वाचता येईना. दुसरीकडे फिनिशियनांच्या २२ अक्षरांतली काही ध्वनिचिन्हे ग्रीकांच्या काहीच कामाची नव्हती. आलेफचा घशातला झटका ग्रीकांच्या कानाला स्वतंत्र ध्वनी वाटत नव्हता, अयिन त्यांच्या भाषेत नव्हता. मग या बिनकामाच्या ठरलेल्या अक्षरांना त्यांनी नवे काम दिले. आलेफचा आल्फा झाला आणि तो ‘आ’ म्हणू लागला. ‘हे’चा एप्सिलॉन, योदचा आयोटा, अयिनचा ओमिक्रॉन झाला. वाव या एका अक्षराची दोन रूपे झाली. एक व्यंजन म्हणून राहिले, दुसरे उप्सिलॉन नावाने स्वर झाले. युरोपच्या वर्णमालांत स्वरांना प्रथमच स्वतःची अक्षरे मिळाली ती अशी. ज्या अक्षरांना नव्या गावात काम उरले नव्हते, त्यांनाच पुढे राजे म्हटले गेले.

वावचा वंश तर पाहण्यासारखा आहे. इंग्रजीतली एफ, यू, व्ही, डब्ल्यू आणि वाय ही पाचही अक्षरे या एका वावची लेकरे आहेत. त्यांतला यू स्वर म्हणून ओळखला जातो. एफ, व्ही, डब्ल्यू व्यंजने. आणि वाय कधी हे, कधी ते. ‘येस’मध्ये तो व्यंजन असतो, ‘स्काय’मध्ये स्वर. एकाच आईच्या पोटची पाच भावंडे, आणि वर्ण तीन तऱ्हेचे! एच या अक्षराची कथाही अशीच. फिनिशियनांच्या ‘हेत’ या व्यंजनाचा पूर्वेकडच्या आयोनियातील ग्रीकांनी ‘एटा’ नावाचा दीर्घ स्वर केला, कारण त्यांच्या बोलीतला ह गळून गेला होता. इ.स.पूर्व ४०३ मध्ये अथेन्सने हीच आयोनियन वर्णमाला अधिकृत केली आणि एटा साऱ्या ग्रीसचा स्वर झाला. पश्चिमेकडच्या ग्रीकांनी मात्र ते अक्षर ह म्हणूनच ठेवले. तेच इटलीत एट्रुस्कन लोकांकडे, त्यांच्याकडून रोमनांकडे आणि अखेर इंग्रजीत आले. म्हणून एकच अक्षर अथेन्समध्ये स्वर आणि लंडनमध्ये व्यंजन. अक्षराचा वर्ण त्याच्या जन्मावर ठरत नाही, त्याला कोणते काम दिले जाते यावर ठरतो, याला याहून स्पष्ट दाखला कोणता हवा?

रोममधली एक नोंद विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. एट्रुस्कनांच्या भाषेत ग हा ध्वनी नव्हता. त्यामुळे त्यांच्याकडून आलेले सी हे एकच अक्षर रोमन लोक क आणि ग या दोन्हींसाठी वापरीत. गायस हे नाव संक्षेपाने लिहिताना पुढेही सी हेच अक्षर लिहिले जाई, ते यामुळेच. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात सी अक्षराला एक आडवी रेघ जोडून जी हे नवे अक्षर करण्यात आले. त्याचे श्रेय प्लुटार्क हा लेखक स्पुरियस कार्व्हिलियस या माणसाला देतो. हा कार्व्हिलियस कोण? प्लुटार्कच सांगतो की तो गुलामगिरीतून मुक्त झालेला माणूस होता, आणि शुल्क घेऊन चालणारी शाळा रोममध्ये प्रथम त्याने काढली. एके काळी गुलाम असलेल्या शिक्षकाने घातलेली ती रेघ आज इंग्रजीत ‘गॉड’ लिहितानाही लागते आणि ‘गव्हर्नमेंट’ लिहितानाही.

इ.स. ५९७ मध्ये ख्रिस्ती धर्मोपदेशक ऑगस्टीन रोमहून इंग्लंडात केंट येथे आला. त्याच्यामागोमाग रोमन अक्षरे इंग्रजीच्या अंगावर चढली. ती मापाची नव्हती. लॅटिनची पाच स्वराक्षरे इंग्रजीच्या स्वरांना पुरेनात. म्हणून जुन्या इंग्रजीने सात स्वराक्षरे वापरली. ए, ई, आय, ओ, यू यांच्या जोडीला वाय हा पूर्ण स्वर, आणि ए व ई एकमेकांना चिकटवून केलेले ‘ॲश’ नावाचे अक्षर. बॅट या शब्दात आपण जो स्वर उच्चारतो, तो ॲ या ॲश अक्षराने लिहिला जाई. १०६६ साली नॉर्मन राजवट आली, राजदरबारची भाषा फ्रेंच झाली, आणि पुढच्या दोनेकशे वर्षांत ॲश लिहिण्यातून नाहीसा झाला. ध्वनी राहिला, अक्षर गेले. आज इंग्रजीत ॲ या ध्वनीला स्वतंत्र अक्षर नाही. मराठीत मात्र आहे! इंग्रजी शब्दांसाठी आपण ॲ आणि ऑ घडविले आणि २००९ च्या शासन निर्णयाने त्यांना मराठी वर्णमालेत स्वर म्हणून जागाही दिली. बॅट हा शब्द इंग्रजांपेक्षा आपण अधिक नेमका लिहितो, ही गोष्ट विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी.

१४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढला आणि छापील शब्दांची रूपे हळूहळू ठरू लागली. पण नेमक्या याच काळात, साधारण १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत, इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर आपल्या जागा सोडून सरकत होते. ज्या शब्दाला आधी ‘नाम’ असे काहीसे म्हणत त्याला ‘नेम’ म्हणू लागले; ‘टीम’चा ‘टाइम’ झाला, ‘हूस’चा ‘हाउस’ झाला, ‘मोन’चा ‘मून’ झाला. अक्षरांची नावेही सरकली. युरोपातले इतर लोक ज्याला ‘आ’ म्हणतात त्याला इंग्रज ‘ए’ म्हणतो. ते ज्याला ‘ए’ म्हणतात त्याला हा ‘ई’ म्हणतो. आणि त्यांच्या ‘ई’ला ‘आय’. आपली मुले ए, ई, आय म्हणताना चाचपडतात ती या घसरलेल्या स्वरांमुळे. स्पेलिंग जुन्या उच्चाराचे आणि बोलणे नव्या उच्चाराचे, अशी ही फारकत आहे. तिचा विद्यार्थ्याच्या बुद्धीशी संबंध नाही.

फारकत कमी होती म्हणून की काय, विद्वानांनी तिच्यात भर घातली. कर्ज या अर्थाचा ‘डेट’ हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. मूळ लॅटिन शब्दात बी आहे हे दाखवण्यासाठी पंडितांनी तो मागाहून घुसडला. बेट या अर्थाच्या ‘आयलंड’ शब्दाचा लॅटिनशी संबंधही नाही; तरी लॅटिनच्या भ्रमाने त्यात एस घालण्यात आला. अशी न बोलणारी व्यंजने ही विद्वत्तेची जानवी आहेत. बोलण्यासाठी त्यांचा उपयोग नाही, आपण कोण आहोत ते दाखवण्यासाठी आहे.

शेक्सपिअरने या पंडितांची मनसोक्त टिंगल केली आहे. १५९८ साली छापल्या गेलेल्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ या नाटकात होलोफर्निझ नावाचा पंतोजी आहे. डेटमधला बी उच्चारला पाहिजे, जे उच्चारत नाहीत ते भाषा नासवतात, अशी त्याची तक्रार आहे. त्याच नाटकात मॉथ नावाचे एक हुजऱ्या पोर आहे. ते पोर पंतोजीची फिरकी घेऊ लागते, तेव्हा चिडलेला पंतोजी त्याला शिवी देतो ती ‘व्यंजन’ ही! स्वतःच्या बळावर उभा राहू न शकणारा, असा त्या शिवीचा अर्थ. वैयाकरणांची व्याख्या पंतोजीच्या तोंडी नोकराला हिणवण्याचा शब्द बनून आली. पण ते पोर गप्प बसत नाही. पाच स्वर म्हणून दाखवा, तिसरा स्वर म्हणजेच मेंढरू, असे ते सुचवते. पंतोजी म्हणू लागतो, आणि तिसऱ्या स्वराशी त्याच्या तोंडून ‘आय’, म्हणजे ‘मी’, निघताच तो स्वतःच मेंढरू ठरतो. उरलेले ओ आणि यू पोर स्वतः म्हणून टाकते. त्यांतला यू म्हणजे ‘तू’, तोही पंतोजीच. स्वरांच्या मालकालाच व्यंजनाने स्वरांत पकडले. प्रेक्षागृहातल्या खालच्या जागांवर उभे राहून नाटक पाहणारी माणसे या प्रसंगाला किती हसली असतील, याची कल्पना करता येते.

या नाटकाच्या काळी इंग्रजीची २६ अक्षरेही पुरती झाली नव्हती. आय आणि जे एकाच अक्षराची दोन वळणे होती, यू आणि व्ही यांचेही तसेच. स्वरासाठी एक आणि व्यंजनासाठी दुसरे अशी त्यांची वाटणी सतराव्या शतकात रुळली. डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या प्रसिद्ध शब्दकोशातसुद्धा आय आणि जे यांचे शब्द एकाच ओळीत मिसळलेले आहेत. सनातन वाटणारी ५ आणि २१ ही विभागणी इतकी अलीकडची आहे.

अठराव्या शतकात उच्चारावरून माणसाची किंमत करण्याचा धंदा इंग्लंडात जोरात सुरू झाला. जॉन वॉकरचा १७९१ चा उच्चारकोश याच काळातला. शब्दारंभीचा एच गाळणे हे लंडनच्या कष्टकरी वस्तीचे लक्षण मानले जाऊ लागले आणि कोणता स्वर कसा म्हटला यावरून माणसाचे घराणे ओळखण्यात येऊ लागले. बर्नार्ड शॉने १९१३ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘पिग्मॅलियन’ नाटकात हीच व्यवस्था उघडी पाडली. फुले विकणारी मुलगी स्वर बदलताच सरदारघराण्यातली समजली जाते. आपल्याला हे परके नाही. ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘लोणी’ला ‘लोनी’ म्हटले की मराठीत एका व्यंजनावरून माणसाची पायरी ठरवली जाते. तिकडे एच, इकडे ण. तोंडातला ध्वनी शास्त्राच्या दृष्टीने ना शुद्ध असतो ना अशुद्ध. ज्यांच्या हाती शाळा, कचेरी आणि छापखाना असतो त्यांचा ध्वनी शुद्ध ठरतो.

इंग्रजी बोलणाऱ्या दुसऱ्या देशात, अमेरिकेत, प्रश्न उच्चाराचा नव्हता. अक्षर माणसाच्या नजरेस पडू द्यायचे की नाही, हाच प्रश्न होता. साउथ कॅरोलिना वसाहतीत १७३९ साली गुलामांचे बंड झाले आणि १७४० च्या कायद्याने गुलामाला लिहायला शिकवणाऱ्यास १०० पौंड दंड ठरवण्यात आला. एकोणिसाव्या शतकात दक्षिणेतल्या इतर काही राज्यांनीही शिकवण्यावर बंदीचे कायदे केले. फ्रेडरिक डग्लस हा गुलाम मुलगा बाल्टिमोरला आला तेव्हा मालकिणीने त्याला ए-बी-सी शिकवायला सुरुवात केली होती. मालकाने ते थांबवले. शिकलेला गुलाम गुलामीच्या कामाचा राहत नाही, असे त्याचे म्हणणे. त्या मनाईतूनच मुलाला अक्षरांची किंमत कळली. पुढे जहाजे बांधण्याच्या कारखान्यात तो पाहू लागला, की सुतार प्रत्येक लाकडावर खूण करतात. डाव्या बाजूच्या लाकडावर एल, उजव्या बाजूच्या लाकडावर एस. जहाजाच्या पुढच्या भागासाठी एफ, मागच्यासाठी ए. लिहायला येणारी पहिली चार अक्षरे त्याला अशी मिळाली. तीन व्यंजने आणि एक स्वर. मग जो मुलगा लिहिता येते म्हणे त्याच्याशी तो पैज लावी आणि त्याच्याकडून पुढची अक्षरे काढून घेई. कुंपणाच्या फळ्या, विटांची भिंत आणि रस्ता ही त्याची वही, खडूचा तुकडा ही लेखणी. १८३८ मध्ये तो पळाला आणि १८४५ साली त्याने आपले आत्मकथन प्रसिद्ध केले.

डग्लसने नोआ वेब्स्टरच्या स्पेलिंगच्या पुस्तकातली अक्षरे गिरवली होती. १७८३ साली प्रथम निघालेले हे पुस्तक निळ्या पुठ्ठ्यामुळे ओळखले जाई. गुलामगिरी संपल्यानंतर बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या हातात पडलेले पहिले पुस्तक तेच. त्यांच्या आईला स्वतःला अक्षर वाचता येत नव्हते. तरी तिने कोठून तरी ते पुस्तक मिळवून मुलाला दिले, असे त्यांनी १९०१ च्या आत्मचरित्रात लिहिले आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. दोन्हीकडच्या लढाईत अक्षराला केवढे स्थान होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या अर्पणपत्रिकेचा अर्थ अधिक खोल वाटतो.

आता पुन्हा व्याख्येकडे येऊ. आजचे ध्वनिशास्त्र राजा-सेवकाची भाषा वापरत नाही. तोंडातून हवा अडथळ्याविना बाहेर आली की स्वर. जीभ, ओठ, दात किंवा कंठ यांनी तिला कोठे तरी अडवले, घासले की व्यंजन. एवढाच भेद. व्यंजन एकटे उभे राहत नाही हेही खरे नाही. कोणाला गप्प करताना आपण ‘श्श’ म्हणतो तेव्हा त्यात स्वर कोठे आहे? इंग्रजी ‘बॉटल’ या शब्दाच्या दुसऱ्या अवयवाचा सारा भार एल हा ध्वनी एकटा उचलतो. आणि स्वर पाचच हेही खरे नाही. पाच ही अक्षरांची संख्या आहे. ब्रिटिश प्रमाण इंग्रजीत स्वरध्वनी साधारण २० आणि व्यंजनध्वनी २४ धरतात. ‘अवर’ म्हणजे तास, या शब्दाचे पहिले अक्षर एच, पण पहिला ध्वनी स्वर. म्हणून त्याच्यामागे ‘ॲन’ येते. ‘युनिव्हर्सिटी’चे पहिले अक्षर यू, पण पहिला ध्वनी य, म्हणून तेथे ‘ए’ येते. अपवाद म्हणून पाठ करायला लावलेल्या या गोष्टी अपवाद नाहीत, नियमच आहेत. फक्त नियम कानाचा आहे आणि शिकवला जातो डोळ्याचा.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. अक्षरे लवकर भेटू लागली, पण ती कशी भेटतात हा प्रश्न राहिलाच. वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत आपले अनेक वाचक शिकवतात. त्यांना एक सुचवावेसे वाटते. फळ्यावर ए काढाल त्या दिवशी ते अक्षर एकदा उलटे काढून दाखवा आणि हे बैलाचे डोके आहे असे सांगा. एल काढाल तेव्हा ही बैल हाकायची पराणी आहे असे सांगा. शहरातल्या मुलाला पराणी म्हणजे काय ते समजावून द्यावे लागेल. ज्याच्या आजाने जन्मभर दुसऱ्याच्या शेतात बैल हाकले, त्या मुलाला ते सांगावे लागणार नाही. त्याची ओळख आधीच असेल.